निशाणी पाच आणि माळ्यावरचा कूलर

आमच्या घरी न्याय आला तो ऐन जानेवारीत, अंगणात शेकोटी पेटायची त्या दिवसांत. एप्रिलमध्ये आला असता तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती, पण न्यायाला ऋतू कळत नाहीत, त्याला तारीख कळते, आणि तीसुद्धा पुढची. नागपूरच्या एका ले-आउटमध्ये आमचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं, शेजारी भोयरकाकांचं अगदी तसंच, आणि दोन्ही घरांच्या मध्ये एक बोळ. त्यात कूलर लावला की जाड माणसाला शिरायला आधी श्वास सोडावा लागे. तो बोळ कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. त्यात मांजरी व्यायच्या, कटलेले पतंग पडायचे, आणि होळीपासून मृगापर्यंत लोखंडी स्टँडवर आमचा कूलर उभा असायचा, मधल्या खोलीच्या खिडकीला तोंड लावून. त्याची टाकी खालून गळत असे. ते पाणी भोयरकाकांच्या भिंतीत मुरे आणि त्यांच्या देवघरामागे ओल येऊन रंगाचे पोपडे पडत. भोयरकाकू दर उन्हाळ्यात म्हणायच्या, "तुमच्या कूलरनं आमचे देव गारठून राहिले वं," आणि आई हसत हसत टाकीखाली एक घमेलं ठेवायची. घमेलं भरलं की ते रिकामं करायला आम्ही सगळे जण मिळून विसरायचो.

भोयरकाका हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. माणूस कमी बोलणारा, पण एकदा मनात आलं की करून मोकळा. त्या जानेवारीत त्यांनी ओलीचा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं आणि कोणाला न विचारता बोळाच्या मधोमध भिंत घालायला घेतली. बाबा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात कारकून होते. संध्याकाळी बसमधून उतरून, डोक्यावरची राख झटकत घरी आले, तेव्हा भिंत कमरेएवढी झाली होती आणि भोयरकाका थापी हातात घेऊन तिच्याकडे कौतुकानं पाहत उभे होते.

"हे काय करून राहिले गा भोयर?"

"भित बांधून राहिलो. दिसत नाही का?"

"मग आमच्या खिडकीले हवा कुठून येईल?"

"हवा काय तुमच्या बापानं रजिस्ट्री करून ठेवली का?"

आजोबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाबा आत आले, हातपाय न धुता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता कोर्टच." दुसऱ्या कोणाच्या बाबांनी अशा वेळी दोन शिव्या दिल्या असत्या, रात्री दोन विटा पाडल्या असत्या आणि आठवड्याभरात सगळं मिटलं असतं. पण आमचे बाबा कायद्याचे भक्त. रिकाम्या चौकातसुद्धा सायकलवरून वळताना हात दाखवायचे. कोर्टाची पायरी शहाण्यानं चढू नये, असं आईनं त्यांना ऐकवलं, तर म्हणाले की ती म्हण अडाणी लोकांनी काढली आहे.

बाबांनी गाठलेल्या देशकर वकिलांनी त्यांना दिवाणी न्याय समजावून सांगितला आणि बाबांनी तो जेवताना आम्हाला समजावला, भाकरीच्या तुकड्यांची मांडणी करून. आपण दावा लावायचा. दावा निकाली लागायला वेळ लागतो, तोवर समोरचा भिंत पुरी करील, म्हणून दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्यायचा. त्या अर्जाला फायलीत पाचवा नंबर मिळतो, म्हणून त्याचं नाव निशाणी पाच. तो मंजूर व्हायला तीन गोष्टी लागतात. एक, आपली बाजू सकृद्दर्शनी खरी वाटली पाहिजे. दोन, गैरसोयीचं पारडं आपल्याकडे झुकलं पाहिजे. आणि तीन, मनाई मिळाली नाही तर आपलं भरून न निघणारं नुकसान झालं पाहिजे. या तिसऱ्या गोष्टीवर देशकर वकिलांचा फार जीव होता. भरून न निघणारं नुकसान, हे शब्द ते सीताफळ खावं तसे चवीनं उच्चारत. आई ताटातली भाकर उचलून खात म्हणाली, "नुकसान होऊ नये म्हणून जायचं, आन् तिथं नुकसान दाखवाचं, असं आहे तं!" बाबांना बायकांचं कायद्याचं ज्ञान कमी असल्याची खात्री पटली.

तर अर्ज झाला आणि त्या अर्जाची सुनावणी पुरी होईपर्यंत कोर्टानं हुकूमही दिला. दोन्ही पक्षांनी बोळाची स्थिती आज आहे तशीच ठेवावी, म्हणजे जैसे थे. बाबांनी त्या दिवशी संत्रा बर्फी आणली. भोयरकाकांची थापी जागच्या जागी थांबली. कमरेएवढी भिंत तशीच राहिली, तिच्या टोकावर अर्धी वीट पुढे आलेली, तीही तशीच. बोळातल्या रेतीच्या ढिगाला कोर्टाचं संरक्षण मिळालं आणि मांजरींनी त्याचा जो उपयोग करायचा तो सुखानं केला. देशकर वकिलांनी आम्हाला काही पथ्यं सांगितली. प्रतिवादीशी बोलायचं नाही, बोललं की कबुली होते. प्रतिवादीकडून वाटी घ्यायची नाही, वाटी म्हणजे तडजोड. भोयरकाकूंना प्रतिवादी म्हणायचं हे आम्हाला नवीनच होतं. पण झालं काय, पूर्वी काकूंकडचा गोळाभात यायचा तो रस्त्यावरून फिरून यायचा, आता मध्ये सोयीच्या उंचीची भिंत झाली होती. काकू त्या भिंतीवर वाटी ठेवून आत निघून जायच्या आणि आई थोड्या वेळानं ती सापडल्यासारखी उचलायची. कढीसुद्धा गरम मिळू लागली. कोर्टानं भिंत पाडली असती तर आमचं खरोखर नुकसान झालं असतं.

फेब्रुवारीत माझ्या भावाचा, मुन्नाचा, जन्म झाला. माझ्यानंतर फार वर्षांनी झालेलं हे पोर, त्यामुळे घरात त्याच्या शिंकेलाही मान होता. मग होळी झाली. होळीनंतरच्या रविवारी नागपुरात घरोघरी एकच काम निघतं. माळ्यावरचा कूलर उतरवायचा, जाळीत नवं गवत भरायचं, पंपातली गेल्या वर्षीची मेलेली पाल काढायची आणि कूलर खिडकीशी लावायचा. बाबा स्टुलावर चढले, कूलरवरचं पोतं त्यांनी ओढलं आणि तसेच थांबले. मग कूलरवर पोतं पुन्हा नीट पांघरून खाली उतरले आणि सदरा चढवून वकिलांकडे गेले.

बाबांच्या डोक्यात आलं ते बरोबरच होतं. कूलरचा स्टँड बोळात. बोळ वादात. हुकूम झाला त्या दिवशी बोळात कूलर नव्हता, कारण जानेवारीत नागपुरात कूलर लावणाऱ्याला लोक वेडा समजून मेयो हॉस्पिटलात नेतील. म्हणजे जैसे थे याचा अर्थ, कूलर माळ्यावर. कूलरला हवा मिळावी म्हणून आम्ही हुकूम आणला आणि त्या हुकुमानं कूलर माळ्यावर बसवला. देशकर वकील म्हणाले, "लावू नका. आपणच आणलेला हुकूम आपणच मोडला तर कोर्ट काय म्हणेल?" समोरचे लोक टपूनच बसलेत, असंही म्हणाले. सुनावणी लवकर घेऊ, असंही म्हणाले. हे वाक्य त्यांचं तोंडपाठ होतं.

मूळ दाव्याचं पुढे काय झालं असं विचाराल तर तो ठणठणीत आहे. बाबा गेले, भोयरकाका गेले, देशकर वकील गेले, दाव्याला मात्र साधं पडसं झालेलं नाही. खालच्या कोर्टातून तो वर गेला, वरून फेरसुनावणीला खाली आला, आणि वारस म्हणून मी आता वादी क्रमांक एक-ब आहे. आमची दोन्ही घरं पाडून तिथे फ्लॅट झाले, बोळावर लिफ्ट उभी आहे. तरी त्या बोळातल्या हवेबद्दल माझ्या मोबाईलवर नियमित मेसेज येतो. कोर्ट फार सुधारलं हे मान्य केलंच पाहिजे. पूर्वी पुढची तारीख घ्यायला उन्हातान्हात जावं लागे, आता ती घरपोच मिळते.

त्या वर्षी एप्रिलनं पहिल्याच आठवड्यात आपला रंग दाखवला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता आमच्यावर उतरवत असे. पंखा लावला की गरम हवा अंगावर यायची, बंद केला की घाम. अख्ख्या विदर्भाला जिथून वीज जाते तिथे नोकरी करणारा माणूस घरी येऊन ओला पंचा अंगावर घेऊन फरशीवर लोळायचा. आणि भिंतीपलीकडे भोयरांचा कूलर चालायचा. त्यांचा समोरच्या अंगणात होता, मुद्दाम फोडून घेतलेल्या खिडकीशी, वादाबाहेरच्या जागेत, म्हणून तो कायदेशीर; आमच्याकडे कूलर लागेल अशी खिडकी बोळातली तेवढीच. त्याची घरघर आणि ओल्या खसाचा वास आमच्या खिडकीतून आत यायचा. वासाला मनाई नव्हती. मुन्नाच्या मानेवर, काखेत घामोळ्यांची लाल खडी उठली. तो रडून रडून बेजार व्हायचा. एका दुपारी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "घेऊन ये वं लेकराले इकडं. कोर्ट काय दुपारचं पाहाले येते?" आईनं मुन्नाला उचललं, पदर खोचला आणि ती कमरेएवढी भिंत ओलांडून सरळ प्रतिवादीच्या घरात गेली. मग रोजच जाऊ लागली. बाबा कोराडीला असत. संध्याकाळी मुन्ना शांत का असतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

कोर्ट दुपारचं पाहायला येत नाही, ही काकूंची समजूत चुकीची निघाली. जागेची पाहणी करून अहवाल द्यायला कोर्टानं एक वकील नेमले होते, त्यांना कमिशनर म्हणतात. ते येणार ही सूचना देशकर वकिलांच्या टेबलावर पोचली आणि तिथेच राहिली. घरी मी एकटी होते. काळा कोट घातलेला, घामानं निथळणारा गृहस्थ दारात. मी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. त्यांनी खिडकी मोजली, बोळ मोजला, भिंत मोजली, मांजरीकडे पाहिलं, आणि मधल्या खोलीत येऊन खुर्चीत बसले ते उठेचनात.

"कूलर नाही का तुमच्याकडे?"

"आहे नं. माळ्यावर आहे."

"मग लावत का नाही?"

"कोर्टाचा हुकूम आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उलट उत्तर दिलं. मग प्रतिवादीची बाजूही पाहिली पाहिजे, असं म्हणून ते लगबगीनं भोयरांकडे गेले. तिथे कूलर होता. काकूंनी त्यांना आधी पन्हं दिलं, मग तर्री-पोहे दिले, मग पुन्हा पन्हं. कमिशनरसाहेबांनी कोट काढला, कूलरसमोर पाय पसरले आणि अहवाल तिथेच लिहायला घेतला. लिहिता लिहिता त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या चटईवर गेलं. "हे कोण?" काकूंना खोटं बोलता येत नसे. अहवालात शेवटी आलं ते असं, की वादीची पत्नी व तान्हा मुलगा प्रतिवादीच्या कूलरच्या हवेत गाढ झोपलेले आढळले. वादीच्या कुटुंबास हवेची तूट असल्याचे दिसून आले नाही.

देशकर वकील बाबांवर असे ओरडले की शेजारचे पक्षकारही उठून उभे राहिले. "तुमचा मुलगा प्रतिवादीची हवा खातो? मग भरून न निघणारं नुकसान मी दाखवू कुठून?" बाबा घरी येऊन आईवर ओरडले. आईनं ऐकून घेतलं. पलीकडेही तोच प्रकार झाला. त्यांच्या वकिलांनी भोयरकाकांना सांगितलं, आज हवा दिली तर उद्या हक्क सांगतील. काकांनी मागच्या दाराला कुलूप घातलं. दोन्ही वकिलांचं इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं. काकू भिंतीवर आता वाटीऐवजी बर्फाचा तुकडा फडक्यात बांधून ठेवायच्या आणि डोळे पुसत आत जायच्या.

मुन्नाला ताप भरला. दूध प्यायचं त्यानं सोडलं. आधी रडायचा, मग रडणंही कमी झालं, आणि ते कमी झालेलं रडणं जास्त भीतीचं होतं. डॉक्टर म्हणाले, "ऊन लागलं. लेकराले थंड जागेत ठेवा." आई म्हणाली, "कुठं?" डॉक्टरांना वाटलं ती त्यांना विचारते आहे. ती बाबांना विचारत होती. रात्रंदिवस ती ओलं फडकं बदलत बसे आणि बाबांशी एक शब्द बोलत नसे. मला बाबांचा तेव्हा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. अजूनही एप्रिलमध्ये कधी कधी येतो.

दोन दिवसांनी सुनावणी होती, उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा कोर्टाचा शेवटचा दिवस. बाबा मला सोबत घेऊन गेले. न्याय कसा मिळतो ते पोरीनं पाहावं, असं त्यांनी फार आधी ठरवलेलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात देशकर वकिलांना त्यांनी मुन्नाच्या तापाचं सांगितलं, आणि वकिलांचा चेहरा उजळला.

"अहो, मग असं करा, डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या! हेच तं पाहिजे होतं. आज सुट्टीनंतरची तारीख घेतो आन् तेव्हा सर्टिफिकेट दाखल करतो. आता निशाणी पाच कोणाच्या बापाले अडत नाही."

"सुट्टी जूनमध्ये संपते. तोवर कूलर?"

"तोवर जैसे थे."

"आन् ताप?"

"उतरला तं उतरला. सर्टिफिकेटवर तं राहते नं."

आत आमचा पुकारा झाला. न्यायाधीशांच्या मागे एक मोठा कूलर होता, त्याची हवा त्यांच्या पाठीपर्यंत येऊन थांबायची. देशकर वकिलांनी सुट्टीनंतरची तारीख मागितली. समोरचे वकील म्हणाले, हरकत नाही. न्यायाधीश लिहू लागले. बाबा उभे राहिले.

"साहेब, मी बोलू का?"

देशकर वकिलांनी त्यांच्या पायावर पाय दिला, हे मी बाकावरून पाहिलं.

"बोला."

"साहेब, मी आज हरलो, तं तुमचा हुकूम आजच उठते का?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुमचा अर्ज फेटाळला, किंवा तुम्हीच मागे घेतला, तर आदेश तिथेच संपतो. पण मग प्रतिवादी भिंत पूर्ण करू शकतील. समजतंय ना?"

"समजते, साहेब. मग मले आजच हरवून द्या."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी कारण विचारलं. बाबा म्हणाले, "पोरगं तापानं फणफणून राहिलं, साहेब. कूलर माळ्यावर आहे." न्यायाधीशांनी फाईल चाळली, हुकमाची तारीख पाहिली आणि बहुधा त्यांच्याही ध्यानात आलं. म्हणाले, "कूलरपुरता वेगळा अर्ज द्या. समोरच्यांचं म्हणणं घेऊ आणि योग्य तो आदेश करू."

"त्यायचं म्हणणं कधी येईल, साहेब?"

समोरचे वकील उठले. "सुट्टीनंतर, साहेब."

"मग हरतोच मी," बाबा म्हणाले.

देशकर वकिलांनी अर्ज मागे घेत असल्याचं अशा हातानं लिहून दिलं, की ते अक्षर नंतर कोणाला वाचता आलं नाही. बाबांनी खाली सही केली. मागच्या बाकावर भोयरकाका बसले होते. ते उठले, कोणाकडे न बघता बाहेर गेले, आणि त्यांची मोटारसायकल फाटकातून बाहेर पडलेली आम्ही पाहिली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा रिक्षावाल्याला जोरात चालव म्हटलं. भोयर घरी पोचून भिंतीला हात घालायच्या आत स्टँड बोळात उभा करायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. सिग्नल तोडला तरी चालेल, असंही ते म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा भोयरकाका आमच्याच घरात होते. स्टुलावर उभे, डोकं माळ्यात. "कोण आहे रे खाली? धर इकडून," आतून आवाज आला, आणि वादी धावत जाऊन खाली हात लावून उभा राहिला. कूलर दोघांनी मिळून उतरवला. काकूंनी आपल्या कूलरचं जादा गवत भिंतीवरून दिलं. काकांनी टाकी उलटी केली, बुडाशी बोट फिरवलं, घरून डांबराचा डबा आणून गळती बुजवली आणि हात पुसत म्हणाले, "आता नाही गळत." चहा निवायच्या आत हे सगळं झालं. इतकी वर्षं हे काहून नाही केलं, असं मी विचारलं तर म्हणाले, "कोणी म्हटलंच नाही, बाप्पा." भिंतीचा विषय कोणी काढला नाही. ती कमरेएवढीच राहिली, घरं पडेपर्यंत.

मधल्या खोलीत कूलर घरघरू लागला. आईनं मुन्नाला खिडकीखाली निजवलं आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिली. दिवेलागणीच्या सुमारास त्यानं अंग ताणलं, तो कुरकुरला आणि दूध प्यायला लागला. आई रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं त्या आठवड्यात पहिल्यांदा बाबांकडे पाहिलं.

"कोर्टात काय झालं?"

"हरलो," बाबा म्हणाले. "हुकूम उठला. म्हणून लावता आला."

आईनं ओलं फडकं पिळून बाजूला ठेवलं.

"मग जानेवारीतच काहून नाही हरले?"